लहान मुलांचे दूध : सायीचे की बिनसायीचे?



दर अंकात या पानावर मी लागण, खोडवा, हुमणी, माती परीक्षण अशा विषयांवर लिहीत असतो. या वेळी विषय दुधाचा आहे. ऊस सोडून साहेब डेअरीत गेले की काय, असे कोणी म्हणेल. म्हणून आधी कारण सांगतो.

गेल्या महिन्यात एका गटात बेणे बदलाविषयी बैठक होती. बैठक संपली, चहा आला. एक ज्येष्ठ सभासद शेजारी येऊन बसले. चार महिन्यांपूर्वी त्यांच्या हृदयात स्टेंट बसविला आहे. ते म्हणाले, "साहेब, डाक्टरनी मला बिनसायीचं दूध सांगितलंय. एका घरात दोन दोन दुधं कशाला, म्हणून आम्ही सगळ्यांनाच डबल टोन्डची पिशवी चालू केली. नातू दीड वर्साचा हाय, त्यालाबी तेच. बरं हाय न्हवं?"

मी लगेच उत्तर दिले नाही. कारण हाच उद्योग दोन वर्षांपूर्वी माझ्या घरी झाला होता, आणि तो दुसऱ्या कोणी नव्हे, मीच केला होता.

आमचे घर एकत्र. अण्णा, आई, आम्ही दोघे भाऊ आणि मुलेबाळे. दावणीला दोन म्हशी. अण्णांना छातीचा त्रास झाला, अँजिओप्लास्टी झाली. डॉक्टरांनी त्यांना तूप, लोणी, साय बंद सांगितली. मी हिशेबी माणूस. म्हटले, म्हशीचे सगळे दूध डेअरीला घालू, त्याला फॅटवर चांगला दर मिळतो. घरात डबल टोन्डची पिशवी आणू. अण्णांचे पथ्य होईल, वर चार पैसेही सुटतील. आईने कुरकुर केली, पण अण्णांच्या काळजीपुढे तिचे काही चालले नाही. तुपाची बरणीही वरच्या फळीवर गेली.

धाकट्या भावाचा मुलगा त्या वेळी तेरा महिन्यांचा होता. आईचे दूध नुकतेच तुटले होते. त्याच्या वाटीत आता पिशवीतले दूध, आणि वरणभात बिनतुपाचा. याकडे माझे लक्षच नव्हते. तो खेळत होता, हसत होता.

लक्ष गेले ते अंगणवाडीच्या ताईंचे. त्या महिन्याला मुलांची वजने घेतात आणि वाढीच्या तक्त्यावर टिंब देतात. तेराव्या महिन्यात त्याचे वजन नऊ किलो होते. सोळाव्या महिन्यात नऊ किलो शंभर ग्रॅम. तक्त्यावरची रेघ वर चढायची ती आडवी झाली होती. ताईंनी माझ्या भावजयीला विचारले, "ताप, जुलाब काही झालं होतं का? नाही? मग दूध कुठलं देता?" तिने पिशवीचे नाव सांगितले. ताई म्हणाल्या, "दारात दोन म्हशी आणि पोराला सपरेट पाजता? शेतकी साहेबांचं घर ना हे?"

हे वाक्य भावजयीने मला जसेच्या तसे सांगितले. संध्याकाळभर मी गप्प होतो.

दुसऱ्या दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी मुलाला तपासले, रक्त-लघवी पाहिली. रोग काही नव्हता. मग त्यांनी कागदावर एक हिशेब मांडला. तो मी जपून ठेवला आहे आणि आज तुमच्यापुढे मांडतो.

आपण ऊस घालतो तो साखर उताऱ्यावर आणि दूध घालतो ते फॅटवर. गाईच्या दुधाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ, म्हशीच्या दुधाला ६ फॅट आणि ९ एसएनएफ हा दराचा पाया आपल्यातल्या शाळकरी पोरालाही पाठ असतो. पॉइंट खाली आला की दर खाली, आणि त्यावरून संकलन केंद्रावर भांडणही होते. पण हे फॅट शरीरात काय काम करते, असे विचारले तर आपण गप्प. फॅट म्हणजे स्निग्धांश. एक ग्रॅम स्निग्धांशापासून नऊ कॅलरी मिळतात. एक ग्रॅम साखर किंवा प्रथिनापासून चारच. म्हणजे थोड्या जागेत जास्त शक्ती. मोठ्या माणसाला ही गोष्ट अडचणीची ठरते. दीड वर्षाच्या मुलाला मात्र तीच हवी असते, कारण त्याचे पोट वाटीएवढे आणि वाढ घोड्याच्या वेगाची.

समजा, मूल दिवसाला ४०० मिलिलिटर दूध पिते. म्हशीचे साडेसहा फॅटचे दूध असेल तर त्यातून सुमारे २६ ग्रॅम स्निग्धांश जातो. डबल टोन्ड दुधाला फॅट दीड. त्यातून जातो ६ ग्रॅम. फरक २० ग्रॅमचा, म्हणजे रोजच्या १८० कॅलरींचा. या वयाच्या मुलाची दिवसाची गरज हजार कॅलरींच्या आत-बाहेर असते. तेव्हा पाचव्या-सहाव्या हिश्श्याची कपात मी माझ्या पुतण्याच्या ताटात केली होती, आणि हिशेब वाचविल्याचे समाधानही मानत होतो.

बरे, ती कपात मूल दुसरे काही खाऊन भरून काढील म्हणावे, तर घरात तूपही बंद. पोट भरलेले दिसे, पण शक्ती पोहोचत नव्हती.

दुसरी गोष्ट मेंदूची. पहिल्या दोन वर्षांत मेंदू जेवढा वाढतो तेवढा पुढे आयुष्यात कधी वाढत नाही. दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस तो मोठ्या माणसाच्या मेंदूच्या आकाराच्या पाऊण हिश्श्यापलीकडे गेलेला असतो. आणि पाणी वगळून पाहिले तर मेंदूचा निम्म्याहून अधिक भाग स्निग्ध पदार्थांचाच असतो. शिवाय अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वे स्निग्धांशात विरघळणारी आहेत. साय काढली की दुधातले अ जीवनसत्त्व बहुतेक सायीबरोबरच जाते. अलीकडे काही कंपन्या टोन्ड, डबल टोन्ड आणि सपरेट दुधात अ आणि ड वरून घालतात. त्या पिशवीवर 'प्लस एफ' अशी खूण असते. त्याने जीवनसत्त्वाची भर निघते, शक्तीची निघत नाही.

उसाच्या भाषेत सांगायचे तर फुटवे फुटण्याच्या वेळी नत्राचा हप्ता चुकविला आणि मोठ्या बांधणीला दुप्पट टाकला, तर ऊस हिरवागार दिसेल, पण फुटव्यांची संख्या गेली ती गेलीच. बाळबांधणीचे काम बाळबांधणीलाच करावे लागते. (आपल्या जुन्या शेतकऱ्यांनी त्या कामाला हे नाव उगीच दिलेले नाही.)

आता पिशव्यांकडे वळू. दुकानात उभे राहिले की रंगांचा गोंधळ होतो. एका कंपनीची निळी पिशवी म्हणजे एक दूध, दुसरीची निळी म्हणजे दुसरेच. म्हणून रंगावर जाऊ नये, बारीक अक्षर वाचावे. कायद्याने ठरलेले आकडे असे : फुल क्रीम दुधात फॅट कमीत कमी ६, स्टँडर्डाइज्डमध्ये ४.५, टोन्डमध्ये ३, डबल टोन्डमध्ये १.५ आणि स्किम्ड म्हणजे सपरेट दुधात अर्ध्याच्या वर नाही. प्रथिने आणि कॅल्शियम मात्र या सगळ्यांत जवळपास सारखेच असते. 'कमी फॅटचे दूध म्हणजे निकस दूध' हे म्हणणे खरे नाही. ते अण्णांसारख्यांसाठी चांगलेच दूध आहे. फक्त ते कोणाच्या वाटीत ओतायचे, हा प्रश्न आहे.

इथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे, आणि ती डॉक्टरांनी सांगेपर्यंत मलाही कळली नव्हती. परदेशातले डॉक्टर 'एक ते दोन वर्षांच्या मुलाला पूर्ण दूध द्या' असे सांगतात, तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे गाईचे दूध असते, साधारण सव्वातीन-साडेतीन फॅटचे. म्हैस त्यांच्याकडे जवळजवळ नाहीच. म्हणजे आपले टोन्ड दूध त्यांच्या पूर्ण दुधाच्या फार खाली नाही. ज्यांच्या घरी जनावर नाही आणि टोन्डची पिशवीच परवडते, त्या आईने हे वाचून घाबरू नये. तेच दूध द्यावे आणि मुलाच्या वरणभातावर चमचाभर तूप किंवा तेल घालावे. एका लहान चमच्यात साधारण पाच ग्रॅम, म्हणजे ४५ कॅलरी होतात. घरची गाय असेल तर प्रश्नच नाही, म्हैस असेल तर त्याहून नाही. दोन वर्षांच्या आत टाळायचे ते डबल टोन्ड आणि सपरेट.

आणि टाळायचे ते पाणी घातलेले दूध. याबद्दल मला जरा सविस्तर लिहिले पाहिजे, कारण आपल्या भागात हा दोष पिशवीपेक्षा मोठा आहे.

आपल्याकडे समजूत अशी की म्हशीचे दूध जड, ते बाळाला पचत नाही, बुद्धी मंद होते. म्हणून निम्मे दूध, निम्मे पाणी. आता याचा हिशेब पाहा. साडेसहा फॅट आणि नऊ एसएनएफच्या दुधात तेवढेच पाणी घातले तर फॅट राहते सव्वातीन आणि एसएनएफ साडेचार. फॅट गाईच्या दुधाएवढे दिसते, म्हणून मनाला बरे वाटते. पण एसएनएफ, म्हणजे ज्यात प्रथिने आणि कॅल्शियम असते तो भाग, निम्म्यावर आला. असे दूध आपण संकलन केंद्रावर नेले तर लॅक्टोमीटर टाकताक्षणी सचिव कॅन परत फिरवील आणि चार लोकांत शोभा होईल ती वेगळीच. डेअरी जे दूध घेत नाही ते आपण पोटच्या पोराला पाजतो.

टोन्ड दूधही पाणी घालूनच केलेले असते ना, असे कोणी विचारील. विचारणे बरोबर आहे. पण त्यात नुसते पाणी नसते. दुसऱ्या महायुद्धानंतर मुंबईत दुधाची फार टंचाई होती. त्या वेळी तेथील दूध योजनेचे काम पाहणारे दारा खुरोडी यांनी १९४६ साली ही युक्ती काढली. म्हशीच्या दाट दुधात पाणी आणि सपरेट दुधाची भुकटी घालायची. पाण्याने फॅट खाली येते आणि भुकटीने एसएनएफ जागेवर राहते. थोड्या दुधात जास्त मुले भागली आणि दूध गरिबाच्या आवाक्यात आले. पुढे आरे कॉलनी उभारण्यातही त्यांचा मोठा वाटा होता. १९६३ साली त्यांना डॉ. वर्गीस कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्यासह मॅगसेसे पुरस्कार मिळाला. कुरियन यांचे नाव आपल्या सहकारी माणसांना ठाऊक असते. खुरोडी मात्र विसरले गेले. असो.

तर वर्षाच्या पुढच्या मुलाला म्हशीचे दूध बिनपाण्याचे, उकळून द्यावे. एकदम पेलाभर न देता अर्ध्या वाटीपासून सुरुवात करावी. शी घट्ट होऊ लागली किंवा पोट बिघडले तर डॉक्टरांना विचारावे. हाताने पाणी ओतू नये. आणि साय! आपल्या आयाबहिणी दूध तापवून गार करतात, वरची साय तुपासाठी भांड्यात काढतात आणि खालचे दूध मुलाला देतात. म्हणजे घरच्या घरी सपरेट झाले. साय काढायची तर काढा, पण त्या सायीचे लोणी-तूप आधी त्या मुलाच्या ताटात जाऊ द्या, मग पुरणपोळीवर.

वयाचे मात्र नीट समजून घ्यावे. पहिले सहा महिने फक्त आईचे दूध, पाणीसुद्धा नको. सहा महिन्यांनंतर आईचे दूध आणि जोडीला मऊ भात, वरण, भाजी, फळ, अंडे. वर्षाच्या आत गाई-म्हशीचे दूध आईच्या दुधाच्या जागी मुख्य म्हणून देऊ नये. खिरीत, दह्यात थोडे चालते. आईला दूध येत नसेल तर त्या बाळाचे काय करायचे हे डॉक्टरांनीच सांगायचे, शेजारणीने नव्हे. आणि आईचे दूध दोन वर्षांपर्यंत, त्यापुढेही चालू ठेवता येते. आमच्या घरी ते वर्षातच तुटले, तेही एक कारण झाले.

दूध चांगले म्हणून लिटरभर पाजणारेही आहेत. दुधात लोह जवळजवळ नसते. मूल दुधानेच पोट भरून घेते, भाकरी-भाजी खात नाही आणि अंगात रक्त कमी पडते. गोरेगुबगुबीत दिसणारे, पण पापणी खाली ओढली की पांढरे, अशी मुले ताईंना दर महिन्याला दिसतात. वर्षानंतर दिवसाला ४०० ते ५०० मिलिलिटरच्या पुढे जाण्याचे कारण नाही. आईचे दूध चालू असेल तर त्याहून कमी पुरते.

दोन वर्षांनंतर काय? इथे डॉक्टरांनी सरसकट उत्तर दिले नाही आणि मलाही ते पटले. मूल चारीठाव जेवत असेल, तक्त्यावरची रेघ नीट चढत असेल, तर टोन्ड किंवा गाईचे दूध खुशाल द्यावे. मूल हडकुळे असेल, वरचेवर आजारी पडत असेल, तर सायीचेच चालू ठेवावे. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेचा नियम असा आहे की पाच वर्षांच्या आतल्या मुलाला सपरेट दूध पिण्यासाठी देऊ नये. आपल्याकडे तर कमी वजनाची मुले जास्त. तेव्हा तो नियम आपल्याला अधिकच लागू पडावा, असे माझे मत आहे.

शहरात राहणाऱ्या आपल्या लेकी-सुनांचा प्रश्न वेगळा असतो. त्यांना मूल लठ्ठ होण्याची भीती वाटते. कॅनडातील टोरोंटोच्या संशोधकांनी सात देशांतले २८ अभ्यास एकत्र करून पाहिले आणि २०२० साली ते छापून आले. पूर्ण दूध पिणाऱ्या मुलांत लठ्ठपणा कमी फॅटचे दूध पिणाऱ्यांपेक्षा कमीच आढळला. आता ही नुसती पाहणी आहे. कदाचित असेही असेल की जाड मुलाच्या आईनेच कमी फॅटचे दूध सुरू केले. त्यावरून दुधाने मूल बारीक होते असे कोणी समजू नये. पण साय काढली म्हणून मूल सडपातळ राहील, हेही त्यातून दिसत नाही. मूल खरोखर जाड असेल, किंवा घराण्यात लहान वयात हृदयविकार असेल, तर डॉक्टर तपासून दोन वर्षांच्या आतही कमी फॅटचे दूध सांगू शकतात. तो निर्णय त्यांचा. आपण त्याआधी बिस्किटाचा पुडा, कुरकुरीत पाकिटे आणि चहा बंद करून पाहावे.

साखरेबद्दल लिहू की नको, असा विचार करीत होतो. कारखान्याचे मीठ खातो, म्हणजे साखर खातो. पण डॉक्टरांनी सांगितले ते लपविणे बरे नव्हे : दोन वर्षांच्या आतल्या मुलाच्या दुधात साखर घालू नये. दुधाला स्वतःची गोडी असते आणि एकदा साखरेची चटक लागली की मूल साध्या दुधाला तोंड लावत नाही. तेवढ्याने आपल्या कारखान्याची विक्री घटणार नाही, याची खात्री बाळगावी.

एक विनंती सभासदांना. हंगामात आपल्या शिवारात तोडणीच्या टोळ्या उतरतात. कोप्यांवर तान्ही, रांगती मुले असतात. आई पहाटेच फडात जाते आणि मागे आठ-नऊ वर्षांची बहीण बाटलीत पाणीदार दूध भरून धाकट्याला पाजते. ती बाटली कशी धुतली जाते हे फडावर जाणाऱ्या आपल्या प्रत्येकाने पाहिले आहे. आपल्या घरी म्हैस असेल तर अशा मुलासाठी वाटीभर निरसे नव्हे, तापविलेले दूध द्यावे, आणि बाटलीऐवजी वाटी-चमच्याने पाजायला सांगावे. जवळच्या अंगणवाडीत त्या मुलांचेही वजन करून घ्यावे. मुकादमाशी आपले रोजचे बोलणे असतेच.

आमच्या घरी पुढे काय झाले ते सांगतो. सकाळच्या धारेतले अर्धा लिटर दूध आता डेअरीला जाण्याआधी बाजूला निघते. चुलीवर दोन पातेली असतात, एक अण्णांचे आणि एक मुलांचे. तुपाची बरणी खालच्या फळीवर आली. सतराव्या महिन्यात पुतण्याचे वजन सव्वानऊ किलो भरले आणि विसाव्यात दहा किलो शंभर. हे सगळे दुधानेच झाले असे मी म्हणणार नाही; तूप आले, अंडे आले, भावजय त्याच्या जेवणाकडे जास्त लक्ष देऊ लागली. डेअरीच्या बिलात महिन्याला कपात झाली ती मी वहीत मांडत नाही. अण्णा मात्र रोज मुलांच्या पातेल्यातली साय पाहून सुस्कारा टाकतात.

बैठकीतल्या त्या सभासदांना मी हे सगळे सांगितले. ते म्हणाले, "म्हंजे घरात दोन दुधं करावीच लागतील म्हणा की." मी म्हटले, "होय, नातू दोन वर्षांचा होईपर्यंत तरी. आणि आधी त्याचं वजन करून आणा." परवा ते गट कार्यालयात बेण्याची चिठ्ठी न्यायला आले, तेव्हा वाढीचा तक्ता घडी करून खिशात आणला होता. बेण्याआधी त्यांनी तोच टेबलावर ठेवला.

खोडव्यातील पाचट न जाळता कुजविण्याविषयी पुढील अंकात.